सतरावा संदर्भ

रात्रीचे साडेदहा. विश्रामबागेतल्या खोलीत
भडंगाचं तेल लागलेल्या बोटांनी
मी स्वल्पविराम मोजते आहे.

आडनाव आधी. मग आद्याक्षरं,
त्यांच्यामध्ये जागा सोडायची नाही.
साल कंसात. नियतकालिकाचं नाव तिरपं,
खंडाचा आकडा ठळक, अंकाचा नको.
पानांच्या आकड्यांमधली रेघ आखूड चालत नाही,
तिच्याहून जराशी लांब एक असते, ती हवी.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
रांगोळीत असतं तसंच की.

मागच्या नियतकालिकाला सगळं उलट हवं होतं:
साल शेवटी, नावं पूर्ण.
त्यांनी नाकारलं. आता बेचाळीस पोरांना
नव्या शाळेचा गणवेश.
बाविसाव्याचं बटण तुटलंय, पानांचे आकडेच नाहीत.
एकतिसाव्यात मी आहे, लग्नाआधीची,
तेहतिसाव्यातही मीच, नंतरची.
यादीला वाटतं दोन बायका आहेत.
वाटू दे.
तिघांपुढची नावं 'व इतर'मध्ये जातात.
पहाटे चारला उठून पेवातलं तापमान
दोन हिवाळे टिपणारा इर्शाद
चौथा होता.

हेही निभावलं असतं. अडलंय सतराव्यापाशी.

वाक्य असं:
'हळदीच्या पेवाचं तोंड उघडल्यावर
किमान तीन तास कोणीही आत उतरू नये.'
पुढे चौकटी कंसात सतरा.
आणि यादीत त्या जागी:
बेलदार स.रा., हरिपूर.
खंड नाही, पान नाही, साल नाही.

नियम म्हणतो, तोंडी माहिती यादीत घेऊ नये.
मजकुरात द्यावी, कंसात, तारखेसह,
सांगणाऱ्याची लेखी संमती जोडून.

म्हणून दुपारी गेले होते चिंचांच्या रस्त्यानं.
सटवाप्पा बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.
संमतीचा कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.
'ह्यात माझं नाव कशापायी? म्या कुठं शोधलंय?
सासऱ्यानं सांगितलं मला. नागूअण्णानं.
त्यास्नी त्यांच्या आत्तीनं, गोदाक्कानं.
तिचा दादला उतरला हुता, कंदील न सोडता.
कंदील इझला की माणूसबी इझतो, बाई.
लिवायचं तर तिचं लिवा.'
आणि अंगठा उठवला,
जागा चुकवून, माझ्या सहीवर.

परत येताना आठवलं,
नियमावलीचा नववा मुद्दा हेच सांगतो:
दुय्यम स्रोत टाळावा, मुळापर्यंत जावं.
मी तर दुसऱ्यांच्या याद्यांमधून
न वाचलेले लेख उचलून आणलेत
(पाचवा, अकरावा, बहुधा अडतिसावासुद्धा).
आणि हा माणूस दोन पिढ्या मागे जाऊन थांबतो,
जिथं एक बाई पेवाच्या तोंडाशी बसून
हाक मारते,
आणखी एकदा मारते.
नमुनासंख्या: एक.
माझ्या यंत्रानं हेच सांगायला
दोन वर्षं घेतली.

अकरा चाळीस. सतरावा काढला.
रेशनच्या रांगेतून कोणी उठून गेल्यासारखे
मागचे पंचवीस जण एकेक पाऊल पुढे सरकले,
कोणी मागे वळून पाहिलं नाही.

वाक्याला कंस जोडला:
(गोदाक्का, हरिपूर; तिच्याकडून नागूअण्णा;
त्यांच्याकडून स.रा. बेलदार, तोंडी, आजची तारीख)
गोदाक्काचं आडनाव माहीत नाही.
साल विचारलं होतं. म्हणाले, मोठ्या पुराच्या आधी.
कोणत्या मोठ्या पुराच्या,
ते विचारायचं राहिलं.

संपादक हे कापतील. मीही कापलं असतं,
तीन माणसं आणि एकही पान नाही.

बारा वाजायला सात मिनिटं.
पूर्णविराम कंसाच्या आत पडलाय,
बाहेर हवा.
तेवढा हलवते.